मुळ्या पाहणारा दादा

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाणी उशिरा मिळे. आधी मुळ्या पाहाव्या लागत. वहिनी तांब्या घेऊन दारात उभी आणि दादा त्या भल्या माणसाला दंडाला धरून अंगणातल्या निंबाखाली घेऊन गेलेला. तिथं फांद्यांना, ओसरीच्या वाशांना, जिथं म्हणून खिळा ठोकता येईल तिथं लाकडाचे तुकडे टांगलेले असत. प्रत्येक तुकड्यावर चिंधीनं बांधलेलं एक रोप, आणि रोपाखाली हवेत लोंबणाऱ्या जाडजूड, पांढुरक्या मुळ्या. पाहुणा बिचारा फुलं शोधत राही. दादा म्हणे, "फुलाचं काय घेऊन बसले राजेहो, हे पाहा." आणि मुळीच्या हिरव्यागार टोकाजवळ बोट नेई. टोकाला मात्र लागू देत नसे, स्वतःचंही नाही.

मी शालिग्राम, त्याचा धाकटा भाऊ, जळगाव जामोदच्या शाळेत मास्तर. शाळेच्या हजेरीपटावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं छापलेलं असे. तो हजेरीपट पुढं ओढताना मला रोज वाटे, की एवढा मोठा प्रांत पडलेला असताना देवानं हा माणूस नेमका आमच्याच घरी काऊन धाडला असेल.

त्याचं नाव निवृत्ती. धंदा डाकवाल्याचा. खाकी पिशवी खांद्याला लावून सातपुड्याच्या पायथ्याची खेडी पायी फिरायची आणि कागद वाटायचे. वादळात मोहाची नाहीतर आंब्याची फांदी मोडून पडली, की तिच्यावरची रास्ना मातीत पडून मरायच्या आत दादा ती उचलून आणी. झाडाच्या अंगावर वाढणारी ही वनस्पती. शिकलेले लोक तिला ऑर्किड म्हणतात. आमच्या गावात तिला सरसकट बांडगूळ म्हणत, आणि तेवढ्यावरून दादाचं डोकं फिरे. "बांडगूळ झाडाचं रगत पिते. हे कोनाचं काही खात नाही. हवा खाते अन् पानी पिते," असं तो सांगे. "हाव, तुमच्यासारखंच आहे," वहिनी म्हणे, "फक्त ते भाकर मागत नाही."

एकदा अकोल्याहून डाकेचे साहेब तपासणीला आले. काम आटोपल्यावर दादा त्यांना घरी घेऊन आला आणि एकेक मुळी दाखवत सुटला. साहेब सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याला फूल कधी येतं?" दादा म्हणाला, "येते कधीमधी. त्यात पाहन्यासारखं काही नाही, साहेब." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी निंबाकडं पाहिलं.

शेजारच्या मळ्यातला कडूबा हा त्याचा एकुलता एक चेला. त्याच्याकडं सात रोपं होती, दादाकडं एकेचाळीस. रविवारी सकाळी दोघं निंबाखाली पोत्यावर बसत. दादा रोपांवर पाणी शिंपडी. पाणी पडलं की पांढऱ्या मुळ्या बघता बघता हिरव्या होत, आणि हे दोघं दर रविवारी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहत.

"पाह्य," दादा म्हणे.

"हाव," कडूबा म्हणे.

मग दादा एका मुळीजवळ डोळा नेई.

"तांदळाएवढी होती गेल्या ऐतवारी."

"आता बोटाचं पेर झाली न गा."

"पेराहून जरा जास्तच."

एवढंच बोलणं, आणि त्याला दोन-दोन तास लागत. वहिनी आतून मला विचारी, "भाऊजी, पाहा बरं, दोघाईतला एखादा झोपला त नाही?"

दादाचं म्हणणं असं, की फुलावर विसंबू नये. रोप मरायला टेकलं तरी जाता जाता फुलतं, उलट जास्तच फुलतं. खरी प्रकृती मुळीत कळते. टोक हिरवं असलं म्हणजे रोप सुखात आहे, टोक मिटलं म्हणजे त्याचं काहीतरी दुखतं आहे. हे सगळं त्यानं रोपांपुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यानं ते माणसांना लावलं, आणि तेही ऐन सोयरिकीच्या वेळी.

त्याची एकच मुलगी, कोकिळा. तिला सतरावं लागलं होतं. त्या काळात हे वय म्हणजे आयाबायांनी विहिरीवर वहिनीला मुद्दाम थांबवून चौकशी करण्याचं. दोन स्थळं हातची गेली होती. मग माघात नांदुऱ्याहून भगवानराव आपल्या मुलाला, महादेवला, घेऊन आले. भगवानरावांची कापसाची अडत, मुलगा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. मुलगी पसंत पडली. रीतीप्रमाणे मुलाला विचारलं, की बाबा, तुला काही विचारायचं आहे का. असल्या वेळी मुलगे मान हलवून नाही म्हणतात. हा म्हणाला, "हे टांगलेलं काय आहे?"

कोकिळा इतका वेळ खाली पाहत होती. तिनं वर पाहिलं आणि तिला हसू आलं. "बाबाच्या मुळ्या," ती म्हणाली.

पोरीचं मन त्याच्यावर जडलं हे मला तेव्हाच कळलं. दादालाही काहीतरी कळलं असावं. त्यानं निंबावरचं एक उत्तम रोप काढलं, तीन मुळ्यांचं, आणि महादेवच्या हातात दिलं. आपलं रोप त्यानं तोवर कुणाला दिलं नव्हतं. कडूबानं दहा वर्षं मागून पाहिलं होतं, त्यालासुद्धा नाही. महादेवनं ते नांदुऱ्यापर्यंत मोटारीत मांडीवर धरून नेलं.

वैशाखात आम्ही सुपारी फोडायला नांदुऱ्याला गेलो. सुपारी फुटली म्हणजे सोयरिक पक्की. लग्न तुळशीचं लग्न लागल्यावर, असं ठरत आलं होतं. भगवानरावांनी चांगला थाट केला होता: जाजम, तक्के, पानाचं तबक, चार वडीलधारे नातेवाईक. आणि बैठकीच्या मधोमध चौरंगावर पाणी भरायचा एक पितळी गुंड, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. त्यात काळी माती, मातीत शेणखत, आणि शेणखतात दादाचं रोप. त्याला फुलांचा तुरा आला होता. पिवळट पाकळ्या, त्यांवर तपकिरी जाळी, मधे निळसर जीभ. नातेवाईक एकेक करून वास घेऊन जात होते. "व्याह्यांची भेट," भगवानराव प्रत्येकाला सांगत होते.

मी दादाकडं पाहिलं. त्याचं तोंड उतरलं होतं.

"दादा," मी त्याच्या कानाशी म्हणालो, "आत्ता नको."

तो उठला, चौरंगापाशी गेला, आणि भरल्या बैठकीत त्यानं दोन बोटं गुंडात घातली. मातीतून एक मुळी वर काढली, तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरली तर साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. दुसरीचं तेच. तिसरी सापडलीच नाही.

"कोनं केलं हे?" दादानं विचारलं.

"मी," महादेव म्हणाला. आता शाबासकी मिळणार अशी त्या पोराची समजूत झालेली. "सकाळ-संध्याकाळ पानी घालतो. खत बी मीच घातलं."

"तीन महिन्यांत मारलं तुमी याले." दादा भगवानरावांकडं वळला. "मले सुपारी नाही फोडायची. ज्याले मुळी सांभाळता येत नाही, त्याच्या घरी माही पोट्टी कशी धाडू?"

भगवानराव आधी हसले. त्यांना थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा लाल झाला. पुढं काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही, मी मास्तर आहे. परतीच्या मोटारीत मी दादाला जे बोललो तेही लिहीत नाही. तो धोतराला बोटं पुसत राहिला आणि एकदाच म्हणाला, "लय चांगल्या मुळ्या होत्या रे."

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढी, पण मला सांगे, "भाऊजी, तुमच्या भावाले विचारा, भाकर पाहिजे का अजून." मी विचारी. दादा मला सांगे, "तिले सांग, अर्धी." तिघंही एकाच चुलीपाशी बसलेलो. हे असं तीन महिने चाललं, आणि त्यात माझी भाकर रोज गार झाली.

नांदुऱ्याहून आल्यावर दोन दिवसांनी कोकिळेला मी एकटा सापडलो तेव्हा तिनं विचारलं, "काका, रोज दोनदा पानी घालत होते ते?"

"हो. तेच तर चुकलं त्याचं."

"दोनदा," ती पुन्हा म्हणाली, आणि मला त्या पोरीचा इतका कळवळा आला की मी जाऊन दादाशी आणखी एकदा भांडलो.

आठवड्यानं महादेव आला. एकटा, ओल्या पंच्यात गुंडाळलेलं रोप घेऊन. घरात आला नाही, निंबाखालीच उभा राहिला. तुरा गळून गेला होता. "जगते का हे?" त्यानं दादाला विचारलं. अपमानाचं नाव नाही, सुपारीचं नाव नाही.

दादानं चाकू आणून कुजलेलं सगळं कापलं. कापून झाल्यावर खाली एकही मुळी उरली नाही, चार पानांचं नुसतं खोड राहिलं. बांधायला चिंधी हवी होती. महादेवनं आपल्या पंच्याचा लाल काठ फाडून दिला. दादानं त्या काठानं खोड एका लाकडावर आवळलं.

"पोळ्यापर्यंत मुळी फुटली त सुपारी फोडू," तो म्हणाला. "नाही फुटली त तुमचा रस्ता तुमाले मोकळा. मी याले हात लावनार नाही. लावला त मी जगवलं असं होईन. पाहनार बी नाही. पोळ्याच्या दिवशीच पाहीन."

"मग पाणी कोण घालणार?" मी विचारलं.

दादानं कोकिळेकडं पाहिलं.

महादेवनं बापाला काय सांगितलं देव जाणे, पण भगवानरावांचा निरोप आला: मलकापूरचं एक स्थळ सांगून आलं आहे, मुलगा हट्टाला पेटला म्हणून पोळ्यापर्यंत थांबतो, एक दिवस जास्त नाही. म्हणजे दोन्हीकडची मुदत एकच झाली, आणि आमच्या पोरीचं लग्न त्या चार पानांवर येऊन ठेपलं. शहाण्या माणसांच्या घरी पत्रिका पाहतात. आमच्या घरी सगळे खोडाचं बूड पाहत बसलो.

ज्या पोरीनं जन्मभर बापाच्या मुळ्यांची टर उडवली, ती आषाढभर ओसरीच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसे. सकाळी एकदाच पाणी, तेही बेतानं. वहिनी जाता-येता विचारी, "दिसते का वं काही?" मीही शाळेत जाताना वाकून पाही. कडूबा रोज येई, पण दादाच्या धाकानं लांबूनच मान लांब करी. दादा त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसे. आणि त्याच्या बाकीच्या चाळीस रोपांना त्या पावसात अशा काही मुळ्या फुटल्या, की रविवारी त्या दोघांची तोंडं मिटत नव्हती. वहिनीला त्याचा आणखीच संताप येई.

श्रावणात वाटेतली पूर्णा नदी चढली आणि मोटार बंद झाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी महादेव दारात. डोंग्यातून नदी उतरला होता आणि बाकीचं सगळं अंतर काळ्या चिखलातून चालला होता. गुडघ्यापर्यंत नुसता चिखल. त्यानं रोपाकडं पाहिलं, कोकिळेच्या हातून पाणी घेतलं, प्याला, आणि दिवस आहे तोवर नदी गाठायची म्हणून तसाच निघाला. दादा तेव्हा ओसरीवरच बसलेला होता. वहिनी चिखलाची पावलं पुसायला फडकं घेऊन आली तेव्हा दादा म्हणाला, "राहू दे. वाळू दे." वहिनीनं फडकं तिथंच ठेवलं आणि आत गेली.

पोळ्याला पाच दिवस उरले आणि पानं पिवळी पडली. दोन दिवसांत खोड बुडाशी मऊ झालं, आणि कोकिळेनं हात लावला तसं ते लाकडावरून गळून पडलं. ती रडली. मोठ्यानं नाही. तिथंच बसून, हातातलं खोड न टाकता. मी तिला तान्ही असल्यापासून पाहतो आहे, ती रडकी पोर नव्हे.

वहिनी आली. तिनं मुलीकडं पाहिलं, खोडाकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, गोठ्याच्या मागच्या भिंतीले एक टांगलेलं आहे न?"

"वहिनी," मी म्हणालो, "दादाले पान न् पान पाठ आहे."

"त्याईच्याजवळ चाळीस आहेत. माह्याजवळ एकच आहे."

नक्कल करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढणारा मी, त्या दुपारी दादा डाक वाटायला गेलेला असताना फाटकाशी पहारा देत उभा राहिलो. गोठ्यामागचं रोप लहानसं होतं. त्याला दोनच मुळ्या, एक जुनी आणि एक या पावसातली, पेराएवढी. कोकिळेनं जुनी कापून टाकली आणि नवी राहू दिली. पानं पाच होती, चार दिसावीत म्हणून वहिनीनं एक खुडलं. मग महादेवच्या लाल काठानं ते रोप त्याच लाकडावर बांधलं. सगळं उरकल्यावर आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. फारच हुशार समजत होतो आम्ही स्वतःला.

पोळ्याच्या सकाळी कडूबा बैलांच्या शिंगांना रंग लावून, हात न धुताच आला. दादानं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि ओसरीवर बसला. "आन," तो म्हणाला. कोकिळेनं लाकूड त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं ते उजेडाकडं फिरवलं. मुळी पाहिली. मग खोडाचं बूड पाहिलं, जिथं जुनी मुळी कापली होती. मग पानं पाहिली, एकेक करून. मग पुन्हा मुळी. वहिनी दाराआड उभी होती. कोकिळा बापाच्या तोंडाकडं पाहत होती, आणि तिच्याकडं मला पाहवत नव्हतं.

कडूबा वाकला. "निवृत्ती, चार दिसाआधी म्या पाह्यलं तवा हे पिवळं पडून राह्यलं होतं न गा," तो म्हणाला. "चार दिसांत एवढी मुळी?"

"येते," दादा म्हणाला.

"पेरभर?"

"कडूबा, तुह्याजवळ किती रोपं आहेत?"

"सात."

"मंग माह्यं आयक. येते."

कडूबाला पटलेलं दिसत नव्हतं, पण सातवाल्यानं चाळीसवाल्याशी किती वाद घालायचा याला मर्यादा असते.

दादानं एकदा कोकिळेकडं पाहिलं. "चांगली मुळी आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडं न पाहता, "शाल्या, मोटार सुरू झाली न? आताच्या आता नांदुऱ्याले जाय. भगवानरावाईले सांग, मुळी फुटली. मी म्हनलं म्हनून सांग."

वहिनीनं दाराची चौकट धरली. कोकिळा लाकूड उचलायला वाकली. दादानं ते लगेच सोडलं नाही.

"जावयाले एक सांगजो," तो तिला हळू आवाजात म्हणाला. "दिवसातून एकदाच पानी. अन् उन्हात नको टांगू म्हना. गोठ्यामागच्या सावलीत वाढलेलं आहे हे, याले ऊन सोसत नाही."

कोकिळा वाकलेली तशीच राहिली. मी जोडे पायात घातले आणि मोटारीकडं निघालो. माझ्यानं तिथं उभं राहवेना.